सुकडीच्या पेटीची किल्ली

फोटो छापून आला तो दिवाळीच्या तोंडावर, एका बुधवारी. जिल्ह्याच्या पेपरात, तिसऱ्या पानावर, चांगला ठळक. अंगणवाडीच्या आढ्याला टांगलेला वजनकाटा, काट्याच्या झोळीत अडीच वर्षांची उर्वशी, पाय खाली लोंबकळत असलेले, डोळे थेट कॅमेऱ्यात. आणि तिच्यामागे निम्मा फोटो व्यापून उभी असलेली सेविका, कुंदा. खाली कापूस पट्ट्यातल्या लेकरांच्या घटत्या वजनाबद्दल दोन ओळी होत्या. कुंदाबद्दल एक शब्द नव्हता. ते लिहायची गरजच नव्हती, फोटोत दिसतच होतं.

कुंदाच्या नवऱ्याने, मधुसूदनने, पेपर आधी घडी घालून उशीखाली ठेवला होता. तो दारव्ह्याच्या शाळेत लिपिक. सकाळी साडेआठच्या जीपने जायचा, संध्याकाळी यायचा, आणि घरात काही लपवायचं असलं की त्याचा चेहराच आधी सांगून टाकायचा. कुंदाने उशी उचलली.

"फोटोत सगळेच जाड दिसतात," तो म्हणाला.

"उर्वशी नाही दिसत."

त्याने चपला घातल्या आणि जीपला अजून अर्धा तास असताना फाट्यावर जाऊन उभा राहिला.

ते साल दोन हजार पाच. आपल्या भागात त्या दोन-तीन वर्षांत पाहुण्यांची नुसती रीघ लागली होती. कापसाला भाव नाही, बोंडअळीने उरलंसुरलं नेलं, आणि कुठल्या ना कुठल्या गावाचं नाव रोज पेपरात. मग पथकं येत. पांढऱ्या गाड्या, वह्या, कॅमेरे. पथकाला गावात दाखवायला जागा दोनच, एक ग्रामपंचायत आणि दुसरी अंगणवाडी. अंगणवाडीत आलं की आधी लेकरांची वजनं विचारायची, मग रजिस्टर बघायचं, आणि मग, हे कुंदाच्या लक्षात आलं होतं, रजिस्टरावरून नजर वर येता येता तिच्यावर थोडी थांबायची. कोणी काही बोलायचं नाही. शहरातले लोक, सभ्य. गावातल्या बायका तेवढ्या सभ्य नव्हत्या, आणि एका अर्थी तेच बरं होतं.

कुंदा मूळची यवतमाळची. वडील कचेरीत, घरात पुस्तकं, बी.ए.ची दोन वर्षं झालेली. लग्न होऊन या गावात आली तेव्हा वेलीसारखी होती असं तिची जाऊ सांगते. गावात पहिली अंगणवाडी निघाली तेव्हा शिकलेली सून म्हणून तिचंच नाव पुढे आलं. सतरा वर्षं तिने ती एक खोली सांभाळली. पोरांना घरून बोलावून आणायचं, अंघोळ न घातलेल्यांची तोंडं धुवायची, गाणी, खिचडी, सुकडीचा गोड कोरडा खाऊ, लसीकरणाचा दिवस, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात वजनं. वजनाचा ठिपका तक्त्यावर मांडताना तिचा हात असा अलगद चालायचा, जणू रांगोळीचाच ठिपका. कोणाचा ठिपका घसरला की ती त्याच दिवशी त्या घरी जाऊन बसायची. डब्या-बाटल्यांच्या बाबतीत तर ती इतकी काटेकोर की जीवनसत्त्वाची बाटली असो, लोहाचं औषध असो की सुकडीचं पोतं, उघडल्याची तारीख त्यावर स्केचपेनने लिहिल्याशिवाय तिच्या हातून झाकणच फिरायचं नाही.

मग दोन वर्षांपूर्वी अंगावर सूज आल्यासारखं व्हायला लागलं. आधी बांगड्या अडकल्या. मग ब्लाउजच्या शिवणी उसवून झाल्या, उसवायला शिवण उरली नाही तेव्हा नवे शिवले. वैशाखातही हातपाय गार. केसांचे पुंजके कंगव्यात. आवाज असा जाड झाला की पोरं गाण्याच्या मध्येच तिच्याकडे बघायला लागायची. सगळ्यात वाईट म्हणजे ती पेंग. दुपारी दोनला डोळ्यांवर अशी यायची की भिंतीला टेकलं तर संपलं. यवतमाळला दाखवलं, रक्त नागपूरला गेलं, चार दिवसांनी रिपोर्ट आला. थायरॉइड. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावून सांगितलं होतं की गळ्यातली ही ग्रंथी मंद झाली आहे, म्हणून अंगातलं सगळंच मंद झालं आहे. रोज सकाळी उठल्याबरोबर एक गोळी, पाण्याबरोबर. त्यानंतर निदान अर्धा तास चहासुद्धा नाही. चहानंतर घेतली तर नीट लागू पडणार नाही. शंभर गोळ्यांची बाटली मिळते. जन्मभर घ्यायची.

कुंदाने सगळं ऐकलं आणि सगळं पाळलं. पाळण्यात ती कधीच कमी नव्हती, आणि गोची तिथेच झाली.

कारण तिचा दुसराही एक नेम होता, आईकडून आलेला. उपासाच्या दिवशी देवाची पूजा होऊन दिवा लागेपर्यंत तोंडात काही घालायचं नाही, पाण्याचा थेंबसुद्धा नाही. तिच्या आईने तापातही तो मोडला नव्हता. आता गावात नळ येतो सातनंतर. पाणी भरा, अंघोळ करा, पूजा करा, की लगेच साडेआठला मदतनीस धनीबाई दारात उभी, कारण पोरांची खिचडी शिजायला टाकायची असते. मग घाईघाईत चहा, आणि चालू. गोळीला अर्ध्या तासाची जागा कुठेच नाही. पूजेआधी गोळी म्हणजे पाणी पोटात गेलं, नेम मोडला. चहानंतर गोळी तर डॉक्टरीणबाईंनीच बाद केलेली. तेव्हा कुंदाने दोन्हीकडचा मान राखत सरळ मार्ग काढला. उपासाच्या दिवशी गोळी नाही. एका दिवसाने काय होतंय.

सुरुवातीला खरंच एकच दिवस होता, सोमवार. पण वजन वाढायला लागलं तसे उपासही वाढले. गुरुवार धरला. चतुर्थी होतीच. एकादशी धरली. नवरात्राचे नऊ पूर्ण केले, नुसत्या पाण्यावर आणि संध्याकाळच्या राजगिऱ्याच्या लाडवावर. फोटो छापून आल्यावर शनिवारही धरला. खाणं बंद केलं की वजन उतरेल हा तिचा हिशेब, आणि तो सोपा होता, कारण जन्मभर ती उलट्या बाजूने तोच करत आली होती. पोराच्या पोटात घास गेला की ठिपका चढतो, मग आपला घास थांबवला की ठिपका उतरेलच. उतरत मात्र नव्हता.

फोटोनंतर गावात जे सुरू झालं त्याला तोंड होतं रुखमाबाईचं. रुखमाबाई म्हणजे उर्वशीची आजी. सून पहाटेच वेचणीला जायची, नात म्हातारीच्या हवाली. म्हातारी काटक, कमरेला चंची, जीभ अशी की गावचा सरपंचही रस्ता बदलून जायचा. आपली नात पेपरात आली याचा तिला आधी दोन दिवस आनंद होता. तिसऱ्या दिवशी कोणीतरी तिला फोटो नीट दाखवला. मग नळावर, दळणाच्या चक्कीत, फाट्यावर तिचं एकच पालुपद. पोट्टी आमची काटकुळी अन् बाई कशी फुगली पाहा. सुकडी कोणाच्या पोटात जाते ते का सांगाव लागते. बायका हसायच्या. हसता हसता एखादी म्हणायची, तसं नसेल हो. आणि त्या म्हणण्यातच आळ होता हे सगळ्यांना कळायचं.

कुंदाच्या कानावर हे धनीबाईच्या मार्फत यायचं. धनीबाई पलीकडच्या तांड्यावरची, बारा वर्षं तिच्याबरोबर. तिला बातमी पोटात ठेवता येत नसे, पण सांगताना ती भांडी घासायला घ्यायची, म्हणजे डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही. एकदा तिने हेही सांगितलं की कोणीतरी वर अर्ज केला आहे. सेविका लेकरांचा आहार खाते. खाली आठ-दहा अंगठे आहेत.

अर्ज खराच होता. पर्यवेक्षिका मॅडम एक दिवस येऊन पेटी उघडून पोतं बघून गेल्या, बोलल्या जपून, पण जाताना सांगून गेल्या की दहा जानेवारीला मातांची सभा घेते, तिथे सगळ्यांसमोर काय ते होऊ द्या. तोपर्यंत सांभाळा. काय सांभाळायचं ते त्यांनी सांगितलं नाही. कुंदाने त्याचा अर्थ आपल्या परीने लावला. दहा जानेवारीपर्यंत उतरायचं. अंगावर दिसेल एवढं तरी. सतरा वर्षांची रजिस्टरं कोणी वाचणार नव्हतं, तिच्याकडे मात्र सगळे बघणार होते.

त्या दोन महिन्यांत तिच्या जिवाला स्वस्थता नव्हती. सकाळी नळ येण्याआधी नाल्यापर्यंत चालत जायची आणि धापा टाकत परत यायची. मधुसूदनच्या ताटात भाकरी वाढताना स्वतःच्या ताटात अर्धी, मग पाव, मग नुसती भाजी. पोरांना खिचडी वाढताना आता तिने डाव हातात घेणंच बंद केलं होतं. धनीबाई वाढायची आणि कुंदा चार हात लांब, खिडकीच्या उजेडात, सगळ्यांना दिसेल अशी उभी राहायची. पूर्वी खिचडीत मीठ बरोबर आहे का हे बघायला ती चिमूटभर तळहातावर घ्यायची. तेही सोडलं. एकदा खिचडी अळणी झाली आणि पोरांनी टाकली, तरी तिचा हात पुढे झाला नाही.

वजन बघायला तिच्याकडे स्वतःचा काटा नव्हता. अंगणवाडीतला टांगता काटा पंचवीस किलोंपर्यंतचा. मोठा काटा गावात एकच होता, तांड्याच्या तोंडाशी शंकरसिंगच्या पडवीत. शंकरसिंग गावातला कापूस विकत घेऊन पुढे पाठवायचा. बायका डोक्यावर गाठोडी घेऊन संध्याकाळी तिथे रांग लावायच्या. कुंदा दुपारी जायची, पडवी रिकामी असते तेव्हा. ऑक्टोबरात ती शहात्तर होती. डिसेंबरच्या मधल्या आठवड्यात पुन्हा गेली. चपला काढल्या, मंगळसूत्र काढून पदरात बांधलं, आणि कापसाच्या तंतूंनी पांढऱ्या झालेल्या पाटीवर उभी राहिली.

एकोणऐंशी.

ती उतरली, काटा शून्यावर येऊ दिला, पुन्हा चढली. एकोणऐंशीच. दोन महिने तिने पोटाला धड अन्न दिलं नव्हतं. तिला वाटलं काटाच खोटा आहे, आणि ते वाटणं तोंडावर दिसलं असावं, कारण शंकरसिंग आतून बाहेर आला. तो वयाने मोठा, कुंदाला बहिणीसारखं मानणारा. त्याने काट्यावर हात ठेवून आपल्या पद्धतीने सांगितलं की काटा बरोबर आहे. मग तिच्या चेहऱ्याकडे, डोळ्यांखालच्या सुजेकडे, पायाच्या घोट्यांकडे तो कापूस बघावा तसा बघत राहिला.

"बाई, राग नका मानू. रोज कापूस पाह्यतो मी. काही गाठोडी हातात घेतल्याबरोबर समजते का हे कापसाचं वजन नाई, ओलीचं हाये. तुमचं मले तसंच दिसून राह्यलं. दवाखान्यात जाऊन या."

कुंदाने मंगळसूत्र घातलं आणि निघाली. वाटेत तिला राग आला, तो शंकरसिंगचा की स्वतःचा ते कळेना. दुसऱ्या दिवशी शनिवार, उपास. अंगणवाडीत पोरांना हात जोडायला सांगताना तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती बसली ती भिंतीला घसरतच. पोरांना वाटलं नवा खेळ आहे, तीही बसली. धनीबाईने तिला पाणी पाजलं आणि आपल्या भाकरीचा तुकडा भरवला. उपास सुटायचा होता संध्याकाळी, पण धनीबाईने विचारलंच नाही. वर दटावलं, आजवर कधी दटावलं नव्हतं तसं. "तुमी मेल्या तं अर्ज करणारे रडाले येतील काय? मीच येईन. मले रडाले वेळ नाई."

गुरुवारी मधुसूदनने रजा टाकली आणि दोघं यवतमाळला गेली. डॉक्टरीणबाईंनी नाडी पाहिली, घोट्यावर बोट दाबलं, खळगा पडला तो भरून यायला वेळ लागला. गोळी रोज घेता का, असं विचारलं. कुंदा म्हणाली हो. तिच्या लेखी ते खरंच होतं. डॉक्टरीणबाई गोळी वाढवून लिहिणार होत्या, म्हणून त्यांनी सध्याची बाटली दाखवायला सांगितली. कुंदाने पिशवीतून काढून दिली.

बाटलीवर स्केचपेनने तारीख होती. तीन जुलै.

डॉक्टरीणबाईंनी बाटली हलवली. मग झाकण काढून गोळ्या टेबलावरच्या स्टीलच्या ताटलीत ओतल्या आणि बोटाने सरकवत मोजल्या. चौदा. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. त्या दिवशी बावीस डिसेंबर होता.

"ही बाटली दसऱ्याच्या आसपास संपायला हवी होती," त्या म्हणाल्या. "गोळ्या उरल्या कशा विचारणार नाही. अर्धे दिवस कुठे गेले ते सांगा."

कुंदाने सांगितलं. सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी, नवरात्र. सांगताना एकेक वार मोठा होत गेला आणि तिचा आवाज बारीक. मधुसूदन शेजारी बसून तोंड उघडं ठेवून ऐकत होता. त्याला उपास माहीत होते, त्या दिवशी गोळी राहते हे माहीत नव्हतं. डॉक्टरीणबाई रागावतील असं कुंदाला वाटलं होतं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, उपास वजन उतरवायला धरलात, आणि प्रत्येक उपासाला एक गोळी बुडाली. जितके उपास वाढले तितकी ती ग्रंथी उपाशी राहिली. अंगावर आहे त्यात पाणी बरंच आहे, ते गोळी रोज घेतली की उतरेल, पण चार-सहा आठवडे लागतील. सगळं वजन थायरॉइडचं नाही, बाकीचं खाण्याचं, उपासाच्या साबुदाण्याचं, वयाचं. ते सावकाश, चालून, नीट जेवून. उपाशी राहून नाही. गोळी आहे तीच ठेवू, आधी रोज घेऊन बघा, मग रक्त पुन्हा तपासू. उपास करायचेत तर करा, पण सकाळी दोन घोट पाणी आणि गोळी. देवाचं नंतर.

परतीच्या जीपमध्ये चौदा माणसं होती आणि कुंदा खिडकीला दाबली गेली होती. मधुसूदनने एकदाच विचारलं की दुसऱ्यांच्या लेकरांचा एक दिवस औषधाचा राहिला तर तू त्यांच्या घरी भांडायला जातेस ना. ती म्हणाली जाते. तिच्या डोक्यात डॉक्टरीणबाईंचं शेवटचं वाक्य फिरत होतं. देवाचं नंतर. आईने हे ऐकलं असतं तर.

शनिवारी पहाटे ती बाटली हातात घेऊन उभी राहिली. देव्हाऱ्यात दिवा नव्हता, तुळशीला पाणी नव्हतं, नळ यायला दोन तास होते. तिने देवाकडे पाठ केली, गोळी जिभेवर ठेवली आणि दोन घोट पाणी प्यायली. मग वळून हात जोडले. काही झालं नाही. तरी दिवसभर काहीतरी चोरून खाल्ल्यासारखं तिला वाटत राहिलं, आणि चोरून खाण्याचा आळ तर आधीच अंगावर होता.

दहा जानेवारीच्या सभेपर्यंत अठरा-एकोणीस दिवस झाले होते. पेंग जरा कमी होती, एवढंच. अंगाने ती होती तशीच होती. खोलीत चाळीसेक बायका, दारात पोरं, खुर्चीवर पर्यवेक्षिका मॅडम. मॅडमनी रजिस्टर वाचून दाखवलं, सुकडीचं पोतं सव्वीस लेकरांना सतरा दिवस पुरतं, त्यात खोट दिसत नाही असं सांगितलं. बायका ऐकत होत्या आणि कुंदाकडे बघत होत्या. कागद काय म्हणतो त्यात कोणाला रस नव्हता. मग मॅडमनी तिला बोलायला सांगितलं.

कुंदाने आजाराबद्दल सांगायचं घोकून ठेवलं होतं. गळ्याला हात लावून थायरॉइड हा शब्द म्हणालीही. मागून कोणीतरी म्हणालं, "बाप्पा, गरिबाले नाई होत असे आजार," आणि खोली हसली. पुढचं घोकलेलं तिने सोडून दिलं. हात आपोआप कमरेला गेला. तिथे सुकडीच्या पत्र्याच्या पेटीची किल्ली होती, सतरा वर्षं तिथेच असलेली. तिने ती सोडवली, बायकांमधून वाट काढत रुखमाबाईसमोर गेली आणि किल्ली तिच्या हातावर ठेवली.

"मावशी, पेटी आजपासून तुमच्या कुलपात. रोज तुम्ही यायचं, तुम्ही उघडायचं, तुम्ही मोजून द्यायचं. मी हात लावणार नाही."

रुखमाबाई गडबडली. ती भांडायच्या तयारीने आली होती आणि हातात किल्ली आली. सगळ्यांसमोर नाही म्हणता येईना. तिने ती चंचीत टाकली आणि जणू आपणच मागून घेतली अशा तोऱ्यात सभोवार पाहिलं.

त्या दिवसापासून रोज साडेनऊला रुखमाबाई नातीला काखेत मारून यायची, पेटीवर बसायची, उघडायची, मोजायची, लावायची. धनीबाईला ते मुळीच खपत नव्हतं, दोघींची रोज चकमक. म्हातारी म्हणायची की वाटी सपाट भर, शिगोशीग नाही. धनीबाई म्हणायची, तुमच्याच नातीची वाटी हाये, सांगा कमी टाकू का. कुंदा मधे पडायची नाही. तिला एवढंच समाधान होतं की आता प्रश्न मिटला. पेटी एकीकडे, ती एकीकडे.

आणि गोळी रोज जात होती. फेब्रुवारीत बांगडी सैल झाली. चेहऱ्याची सूज उतरली, आवाज पातळ झाला, पोरांनी गाण्याच्या मध्ये बघणं सोडलं. जेवण उलट वाढलं होतं. अर्धी-पाव सोडून ती दोन भाकरी नीट खायची, साबुदाणा बंद, संध्याकाळी मधुसूदनबरोबर फाट्यापर्यंत चालणं. मार्चमध्ये शंकरसिंगच्या काट्यावर चौऱ्याहत्तर भरलं. ती चक्क हसली. शंकरसिंग म्हणाला, ओल निघाली. त्या रात्री बऱ्याच दिवसांनी तिला सरळ झोप लागली.

दोन दिवसांनी धनीबाई भांडी घासायला घेऊन बसली, घासायची नव्हती तरी. कुंदाला कळलं, बातमी आहे.

बातमी अशी की चक्कीवर नवं पालुपद निघालं होतं. किल्ली गेली अन् बाई वाळली. सुकडी बंद झाली, दोन महिन्यांत पाच किलो उतरली. आता आणखी काय पुरावा पायजे. ज्या बायका आधी तसं नसेल हो म्हणायच्या, त्याही आता मान डोलवत होत्या, कारण आता डोळ्यांनी दिसत होतं.

तिने आयुष्यात जे पाळायचं ते सगळं पाळलं होतं, आणि दर वेळी ते तिच्यावरच उलटलं होतं. जाड होते तेव्हा चोर. आता उतरतेय तर पकडलेली चोर. किल्ली तिने स्वतःच्या हाताने दिली होती, कोणी मागितलीसुद्धा नव्हती. संध्याकाळी फिरायला गेली नाही. पहाटे उठली, बाटली हातात घेतली आणि झाकण फिरवेना. चार दिवस घेतली नाही तर काय होईल ते तिला आता नीट ठाऊक होतं. पाय पुन्हा सुजतील, गाल भरतील, रुखमाबाईच्या कमरेला किल्ली असतानाच ती पुन्हा फुगेल, आणि गावाला कळेल की सुकडीचा काही संबंध नव्हता. हा विचार तिला इतका बरोबर वाटला की तिची तीच घाबरली. मधुसूदन दारात उभा होता. त्याने पाण्याचा पेला पुढे केला. ती गोळी तिने घेतली. पण त्या दिवसापासून रोज पहाटे तो विचार एक क्षण झाकणाशी यायचाच.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात वजनांचा दिवस होता. खोली बायकांनी भरलेली, पोरं रडत होती. कुंदा काट्याशी, धनीबाई पोरं उचलून झोळीत घालायला. रुखमाबाई पेटीवर. त्याच दिवशी नवं पोतं उघडायचं होतं, म्हणून म्हातारीने जुनं झटकून घडी घातलं होतं. रांगेतली एक तरुण सून, पोराला काखेत घेऊन, शेजारणीला म्हणाली तेच, किल्ली आणि वाळण्याचं, आणि कुंदाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

कुंदाचा हात तक्त्यावर थांबला. ठिपका टेकायचा राहिला.

"हे कोनं काढलं?" रुखमाबाईने विचारलं.

सून हसली. म्हणाली, "तुमीच तं काढलं होतं मावशी, दिवाळीत."

"दिवाळीत मी पेटी पाह्यली नोती." म्हातारी पेटीवरून उठली. कमरेत हात घालून तिने चंची काढली, चंचीतून किल्ली. "तीन महिने झाले, रोज बसून राह्यली मी या डब्ब्यावर. माशी बसू देल्ली नाई. पैले पोतं सतरा दिवस पुरे. मी मोजून देल्लं तं किती पुरते? सतराच दिवस. एक दिवस जास्त नाई. बाई खात असती तं आता इसाव्या दिवसालोक पुरलं असतं का नाई? मंग कायले उगी मले इथं बसवता? माहं शेत पडलं, गवरी पडली." आणि तिने किल्ली धाडकन कुंदाच्या रजिस्टरावर टाकली. "घे वो बाई. आता मले नको."

सून काखेतल्या पोराचं नाक पुसायला लागली. रुखमाबाई कोणाकडे न बघता नातीला उचलून काट्याशी आली आणि धनीबाईला म्हणाली की इचं आधी कर, उन्ह होऊन राह्यलं. धनीबाईने पहिल्यांदाच उलट उत्तर दिलं नाही. उर्वशी नऊ किलो शंभर भरली. ऑक्टोबरात आठ चारशे होती. कुंदाने ठिपका मांडला, मग जुन्या ठिपक्यापासून नव्यापर्यंत रेघ ओढली. रेघ चढली, पण कुपोषणाच्या दुसऱ्या श्रेणीच्या पट्ट्यातून अजून बाहेर यायची होती.

किल्ली मात्र कुंदाने उचलली नाही. सगळ्या गेल्यावर तिने ती पदराने पुसली आणि रुखमाबाईच्या घरी नेऊन दिली. म्हातारी वैतागली. कुंदाने तिला जे सांगितलं ते मधुसूदनलाही सांगितलं नव्हतं. हा आजार जन्माचा आहे, आज उतरले, उद्या गोळी कमी पडली, बदलावी लागली, तर पुन्हा चढेन. तेव्हा किल्ली माझ्या कमरेला नको. रुखमाबाईने किल्ली चंचीत टाकली. मग म्हणाली, रोजचं यायला जमणार नाही, सोमवार-शुक्रवार येईन. आणि सोमवारी तुह्या हातची चाय पायजे, त्या तांड्यावालीच्या हातची नाही.

पुढच्या आठवड्यात एकादशी होती आणि नवी बाटली उघडायची होती. जुनी बरोबर वेळेवर संपली होती. पहाटे, दिवा लागायच्या आधी, कुंदाने स्केचपेन शोधून झाकणाजवळ उघडल्याची तारीख लिहिली. थोडं थांबली, बोटांवर मोजलं, आणि खाली दुसरी तारीख लिहिली, ज्या दिवशी ती रिकामी झालीच पाहिजे ती. मग गोळी घेतली. नळाला अजून पाणी यायचं होतं. ती ओसरीवर येऊन बसली, उठली, पुन्हा बसली, आणि घड्याळात अर्धा तास व्हायची वाट बघत राहिली.